हात घालण्याआधी
शाळेतल्या शेती-यंत्र कार्यशाळेत सुरक्षित कसं राहायचं?

कार्यशाळेत मुलांना काय काय लागू शकतं याची यादी करायला बसलं तर ती संपणार नाही. ठिणगी, धार, विजेचा झटका, अंगावर पडणारं लोखंड, पट्ट्यात अडकणारी बाही. पण हात जायबंदी होण्याचे प्रसंग उलगडून पाहिले, की एक गोष्ट पुन्हा पुन्हा सापडते. काम सुरळीत चालू होतं तेव्हा काही झालं नाही. काहीतरी अडकलं, सैल झालं, मोजायचं राहिलं म्हणून कुणीतरी ‘दोन मिनिटांत करतो’ म्हणत हात घातला. त्या वेळी यंत्र पूर्ण थांबलेलं नव्हतं, किंवा दुसऱ्याच कुणीतरी ते सुरू केलं. म्हणून या लेखात हेल्मेट-गॉगलच्या आधी एक क्रम सांगायचा आहे, हात यंत्राकडे जाण्याआधी पाळायचा.

हाताने काम करत शिकण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळ इथे विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून पुढे आलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमामुळे अनेक गावांतल्या आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी शाळेतच वेल्डिंग केलं, वीजजोडणी केली, शेतीची अवजारं दुरुस्त केली. कृषी तंत्र विद्यालयांत आणि आयटीआयच्या ट्रॅक्टर मेकॅनिक ट्रेडमध्ये तर इंजिन उघडून बसणं हाच अभ्यास. या सगळ्या ठिकाणी शिकणारी मुलं साधारण तेरा ते अठरा-एकोणीस वर्षांची असतात. उत्साह दांडगा, अनुभव थोडा. निदेशक एक आणि भोवती वीस डोकी. त्यातच कुणीतरी शाळेला दिलेलं जुनं यंत्र असतं, ज्याचं झाकण कधीच गायब झालेलं असतं. तास संपत आला की घाई होते. आणि ‘आमचे बाबा तर असंच करतात’ हे उत्तर मुलांच्या तोंडावर तयार असतं.

चार शब्दांचा क्रम

बंद, तोड, थांब, तपास. कार्यशाळेच्या भिंतीवर काही मोठ्या अक्षरांत लिहायचं असेल तर हे लिहा.

बंद म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या स्विचने किंवा इंजिन बंद करून ते थांबवणं. तोड म्हणजे त्याला ताकद जिथून मिळते तो मार्ग तोडणं. प्लग काढायचा, मेन स्विच खाली घ्यायचा, ट्रॅक्टर असेल तर चावी काढायची. चावी किंवा प्लग कुणाकडे राहणार? ज्याचा हात आत जाणार आहे त्याच्याकडे. हा नियम मोडू देऊ नका. मेन स्विचला लावायला एक साधं कुलूप घ्या आणि त्याची किल्ली काम करणाऱ्या मुलाच्या खिशात ठेवा. दाराशी उभ्या असलेल्या मित्राने ‘झालं का रे?’ असं विचारत बटण दाबलं तरी मग काही होत नाही.

थांब म्हणजे फिरणारा भाग डोळ्यांना पूर्ण स्थिर दिसेपर्यंत वाट बघणं. ग्राइंडरची चकती बटण सोडल्यावरही काही सेकंद फिरत राहते. मळणी यंत्राचं ड्रम आणि जड फ्लायव्हील त्याहून कितीतरी जास्त वेळ घेतात. उचलून धरलेलं अवजार असेल तर ते जमिनीवर टेकवणंही यातच आलं, कारण उचललेल्या वजनातही ताकद साठलेली असते. तपास म्हणजे सुरू करण्याचं बटण एकदा दाबून पाहायचं. यंत्र सुरू झालं नाही, की आपण योग्य तार तोडली याची खात्री पटली. बटण पुन्हा बंद स्थितीत आणायचं आणि मगच हात पुढे करायचा.

या सगळ्याला फार वेळ लागत नाही. पहिल्या महिन्यात प्रत्येक मुलाकडून, प्रत्येक यंत्रावर, चारही शब्द मोठ्याने म्हणवून घ्या. मुलं हसतील, हसू द्या. नंतर हात आपोआप त्या क्रमाने चालतात.

दारातच ओळखा

फिरत्या यंत्राला सैल कापड फार पटकन सापडतं. ट्रॅक्टरच्या पीटीओचा (इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या टोकाचा) वेग मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. पीटीओला जोडलेल्या दांड्याचा घेर २२ सेंटिमीटर धरला तर एका सेकंदात जवळजवळ दोन मीटर कापड त्याच्याभोवती गुंडाळलं जातं. ओढणीची लांबी साधारण तेवढीच असते. त्यामुळे ‘अडकलं तर ओढून घेईन’ हा विचार डोक्यात यायच्या आधी सगळं संपलेलं असतं.

म्हणून दाराजवळ खुंट्या आणि एक डबा ठेवा. ओढणी, मफलर, शाळेचा टाय, ओळखपत्राची दोरी खुंटीवर. कडं, अंगठी, घड्याळ, बांगड्या डब्यात. मनगटावरचा गंडा-दोराही काढायचा. श्रद्धेचा असेल तर निदान बाहीच्या आत घट्ट दाबून वर पट्टी बांधायची आणि त्या मुलाला त्या दिवशी फिरत्या यंत्रापासून दूरचं काम द्यायचं. नारळी पौर्णिमेनंतर आठ-दहा दिवस अनेकांच्या हातावर राख्या असतात, तेव्हा ही तपासणी विसरू नका. वेण्या वर बांधून टोपीखाली किंवा रुमालाखाली घ्यायच्या. ओढणीला पिन लावून भागत नाही, ती काढून अ‍ॅप्रन घालायचा. मुलींना हे संकोच न वाटता करता यावं म्हणून पुरेसे अ‍ॅप्रन ठेवणं ही शाळेची जबाबदारी आहे.

पायात बंद बूट हवेतच. चप्पल घालून आलेल्या मुलाला परत पाठवून त्याचा तास बुडवण्यापेक्षा वेगवेगळ्या मापांचे काही जुने बूट कार्यशाळेत ठेवणं जास्त उपयोगी. चष्मा असलेल्यांनी त्यावरूनही सुरक्षा-गॉगल लावायचा, कारण साधा चष्मा बाजूने उघडा असतो.

हातमोज्यांबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला असतो, की मोजे घातले म्हणजे हात वाचला. वेल्डिंगला, गरम जॉब उचलायला, पत्रा हाताळायला मोजे हवेतच. पण ड्रिल मशीन, लेथ आणि बाकावरच्या ग्राइंडरवर सैल किंवा सुती मोजे घालायचे नाहीत. मोज्याचा एक धागा अडकला तरी त्यामागोमाग बोट ओढलं जातं.

लाइट गेली तर

विजेबद्दलचे नेहमीचे नियम थोडक्यात सांगतो. अर्थिंग नीट असावं आणि दर वर्षी उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना, वायरमनकडून तपासून घ्यावं. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवावा आणि त्याचं चाचणीचं बटण दर महिन्याला दाबून पाहावं. तीन पिनांचा प्लग तुटला म्हणून दोन वायरी थेट सॉकेटमध्ये खोचून आगपेटीच्या काड्यांनी घट्ट करायची पद्धत अजून दिसते. शाळेत ती एकदाही चालवून घेऊ नका. पावसाळ्यात फरशी ओलसर असते, मुलं भिजून आलेली असतात, वायरी जमिनीवरून गेलेल्या असतात. अशा दिवशी वेल्डिंग बंद ठेवलं तरी अभ्यासक्रम बुडत नाही.

आता खास आपल्याकडच्या एका धोक्याकडे वळतो. काम चालू असताना लाइट जाते. मुलं हातातलं टाकून बाहेर येतात, गप्पा सुरू होतात. कुणीतरी ‘आता बंदच आहे’ म्हणून अडकलेली कडब्याची पेंढी काढायला कुट्टी मशीनमध्ये हात घालतं. तेवढ्यात लाइट येते. यंत्राचा स्विच चालूच राहिलेला असतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला सवयीचा. लाइट गेली रे गेली, की ज्याच्या हातात यंत्र आहे त्याने आधी स्विच बंद करायचा, मग जागा सोडायची. दुसरा यंत्रणेचा. मोटारीच्या स्टार्टरमध्ये अशी सोय असते, की वीज गेल्यावर संपर्क सुटतो आणि कुणी बटण दाबेपर्यंत मोटार पुन्हा सुरू होत नाही. ही सोय शाबूत आहे का ते मेन स्विच खाली-वर करून तपासा. शेतातल्या पंपांवर मात्र अनेक जण ऑटोस्विच बसवतात. रात्री-अपरात्री लाइट आली की मोटार आपोआप सुरू व्हावी, हा त्यामागचा हेतू. महावितरण ते काढायला सांगतं, कारण सगळे पंप एकाच वेळी सुरू होऊन रोहित्रावर भार येतो. शाळेत ते नसण्याचं कारण याहून मोठं आहे. पंपाचा जुना स्टार्टर कुणी शाळेला देऊन गेलं असेल आणि तो थ्रेशरला किंवा कुट्टीला जोडला असेल, तर त्यात ऑटोस्विच आहे का ते आधी पाहा आणि असेल तर आजच काढा.

हत्यारं, ड्रिल आणि ग्राइंडर

हाताच्या हत्यारांना मुलं घाबरत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे थोडं कडक पाहावं लागतं. मूठ नसलेली कानस तळहातात घुसते. ठोकून ठोकून डोक्याच्या कडा बाहेर आलेल्या छन्नीचा तुकडा उडून डोळ्यात जातो. त्या कडा घासून साफ करायला दहा मिनिटं पुरतात. दांड्यात हलणारा हातोडा त्याच क्षणी वेगळा काढायचा. गुळगुळीत झालेला पाना नटावरून सटकला की बोटांची सालपटं निघतात. पाना शक्यतो आपल्याकडे ओढायचा, पुढे ढकलायचा नाही.

ड्रिलखाली पत्रा हाताने धरू नका. भोक आरपार पडताना पातं पत्र्याला पकडतं आणि पत्रा गरगर फिरतो. व्हाइसमध्ये किंवा क्लँपने आवळायचा. चकची चावी काम झाल्यावर चकमध्ये राहू द्यायची नाही. ती खुंटीवर टांगा. बारीक छिलका हाताने किंवा फुंकून काढायचा नाही, ब्रशने काढायचा. कंप्रेसरच्या हवेने कपडे झटकण्याचा मोह मुलांना होतोच. ती हवा कातडीत किंवा डोळ्यात शिरू शकते, म्हणून यावर सरसकट बंदी ठेवा.

चार इंची हात-ग्राइंडरची चकती मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेते. तिच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या घरात जातो. चकती फुटली तर तुकडे त्याच वेगाने निघतात. म्हणून त्यावरचं झाकण काढून मोठी चकती बसवणं हा गुन्हाच समजावा. चकतीवर छापलेला कमाल वेग ग्राइंडरच्या वेगापेक्षा जास्त हवा. कापायच्या पातळ चकतीच्या बाजूने घासकाम करायचं नाही. पडलेली, ओलसर झालेली, कडा उडालेली, तारीख उलटलेली चकती कचऱ्यात टाकण्याआधी मोडून टाका, म्हणजे काटकसरी मूल ती उचलून परत आणणार नाही. ठिणग्यांच्या वाटेत कुणी उभं राहायचं नाही आणि तिथे डिझेलचा डबा, भुसा, रंगाचा थिनर ठेवायचा नाही.

बाकावरच्या ग्राइंडरमध्ये जॉब टेकवायची पट्टी आणि दगड यांतलं अंतर ३ मिलिमीटरच्या आत ठेवा. दगड झिजतो, अंतर वाढतं आणि जॉब त्या फटीत ओढला जातो. नवा दगड बसवण्याआधी दांड्यावर टांगून लाकडी मुठीने हलकेच ठोकायचा. खणखणीत आवाज आला तर बरा, बद्द आवाज आला तर आत तडा आहे. सुरू केल्यावर मिनिटभर बाजूला उभं राहायचं, समोर नाही.

वेल्डिंग

वेल्डिंगच्या उजेडाने डोळ्यांना होणारी इजा फसवी असते. बघताना काही जाणवत नाही. काही तासांनी, बहुतेकदा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. बटाट्याच्या चकत्या ठेवणं, दूध किंवा गुलाबपाणी टाकणं हे उपाय घराघरांत केले जातात. उघड्या डोळ्यात असं काही टाकू नका. अंधारात विश्रांती घ्यायची, डोळे चोळायचे नाहीत आणि डॉक्टरांना दाखवायचं.

उपाय आधीच करायचा असतो. नेहमीच्या आर्क वेल्डिंगला १० किंवा ११ नंबरची काच लागते. उन्हाचा काळा गॉगल किंवा एक्स-रेची फिल्म त्या जागी चालत नाही. वेल्डिंग करणारा झाकलेला असतो, पण भोवती पाहणारी मुलं उघडी असतात. तेव्हा तीन बाजूंनी पडदा लावा, आणि चाप पाडण्याआधी वेल्डरने ‘डोळे’ असं ओरडण्याची पद्धत ठेवा. स्लॅग ठोकताना पुन्हा साधा गॉगल हवा, कारण गरम कपची डोळ्याच्याच उंचीला उडते. नायलॉन आणि टेरीकॉटचे कपडे ठिणगीने वितळून कातडीला चिकटतात. सुती कपडे घालायचे, पँटची घडी वर दुमडायची नाही.

गोठ्याचं फाटक, ठिबकची मांडणी यांसाठी शाळांत जीआय पाइप वापरतात. त्यावरचा जस्ताचा थर जळला की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. जोडायच्या जागेवरचा थर आधी घासून काढा आणि काम उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला तोंड येणार नाही असं करा. गूळ खाल्ल्याने किंवा दूध प्यायल्याने फुप्फुसातला धूर निघून जात नाही.

डिझेल, पेट्रोल किंवा औषधाचं पिंप, ट्रॅक्टरची टाकी कितीही रिकामी वाटली तरी तिला शाळेत वेल्डिंग करायचं नाही. उरलेल्या वाफेचा स्फोट होतो. धुतली आहे, पाणी भरलं आहे, ही कारणं ऐकूही नका.

गॅस वेल्डिंग असेल तर काळं सिलिंडर ऑक्सिजनचं आणि तांबूस-तपकिरी अ‍ॅसिटिलीनचं, हे पहिल्याच तासाला शिकवा. दोन्ही उभी आणि साखळीने बांधलेली हवीत. ऑक्सिजनच्या झडपेला, रेग्युलेटरला तेल-ग्रीस लागता कामा नये. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ग्रीस पेट घेतं. ट्रॅक्टरखालून काळे हात घेऊन आलेला मुलगा झडपेला हात लावतो, तिथेच धोका आहे. गळती साबणाच्या फेसाने शोधायची, काडी पेटवून नाही.

ट्रॅक्टरखाली जाण्याआधी

जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. ट्रॅक्टर, ट्रॉली किंवा रोटाव्हेटर उचलला की त्याखाली स्टँड किंवा कठीण लाकडाचे रुंद ठोकळे द्यायचे, वजन त्यांच्यावर टेकवायचं आणि मगच खाली सरकायचं. वीट, दगड, सिमेंटचा ठोकळा वापरू नका; हे पूर्वसूचना न देता फुटतात. जी चाकं जमिनीवर आहेत त्यांना दोन्ही बाजूंनी उटी लावा. मागचं अवजार हायड्रॉलिकने वर धरून त्याची पाती बदलायला बसणं हे सर्रास दिसतं. लिव्हरला कुणाचा धक्का लागला किंवा सील गेलं, की दोन-तीनशे किलो वजन खाली येतं.

स्टार्टर लागत नाही म्हणून पेचकसाने टोकं जोडून इंजिन ‘डायरेक्ट’ सुरू करायची युक्ती मुलांनी गॅरेजमध्ये पाहिलेली असते. त्यात गिअर न्यूट्रल नसला तर चालवणारा चाकासमोर उभा असतानाच ट्रॅक्टर चालू पडतो. इंजिन नेहमी सीटवर बसून, गिअर न्यूट्रल आणि क्लच दाबूनच सुरू करायचं. बंद खोलीत इंजिन चालवायचं नाही. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही.

पीटीओवरचं झाकण आणि दांड्यावरचं प्लास्टिकचं कवच ही चैनीची वस्तू नाही. ते नसेल तर त्या ट्रॅक्टरवर पीटीओचा तास घेऊ नका. फिरत्या दांड्यावरून पाय टाकून पलीकडे जाणं हा कार्यशाळेतला सर्वांत गंभीर अपराध आहे, हे मुलांना स्पष्ट सांगा.

नोझल टेस्टरवर विशेष लक्ष द्या. इंजेक्टरमधून डिझेल २०० बारच्या आसपास दाबाने सुटतं. ते कातडीतून सरळ आत शिरतं. बाहेर सुईच्या टोकाएवढा ठिपका दिसतो, दुखतही कमी. पण आत ऊती सडायला लागतात. असं झालं तर ‘काही नाही झालं’ म्हणून घरी पाठवू नका. लगेच मोठ्या रुग्णालयात न्या आणि डिझेल दाबाने आत गेलंय हे डॉक्टरांना शब्दांत सांगा. हायड्रॉलिकच्या पाइपची गळतीही बोटाने नाही, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून शोधायची.

बॅटरी काढताना आधी वजा टोक, लावताना ते शेवटी. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून तिथे हवा खेळती हवी आणि ठिणगी नको. चार्जरचा मुख्य स्विच बंद करूनच चिमटे काढायचे. आम्ल पातळ करायचं असेल तर पाण्यात आम्ल घालायचं, आम्लात पाणी कधीच नाही.

दुरुस्त केलेला ट्रॅक्टर ‘टेस्ट’ म्हणून रस्त्यावर काढायचा हट्ट होतो. अठरा वर्षांखालच्या मुलाने सार्वजनिक रस्त्यावर ट्रॅक्टर चालवणं बेकायदा आहे आणि मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकांवर व वाहनमालकावर दंड आणि कैदेची तरतूद आहे. चाचणी शाळेच्या आवारात, निदेशकाने करायची. मडगार्डवर कुणी बसायचं नाही.

मळणी यंत्र, कुट्टी आणि फवारणी पंप

मळणी यंत्रांत हात गमावणाऱ्या मजुरांचा प्रश्न इतका गंभीर होता की संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा आणि भरपाईचा कायदा केला. त्या यंत्राचं सुरक्षित रूप साधं आहे. भारतीय मानकानुसार पेंढी टाकायची चूट किमान ९० सेंटिमीटर लांब आणि त्यातला ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा. म्हणजे हात कितीही पुढे गेला तरी ड्रमपर्यंत पोचत नाही. शाळेत आलेलं प्रत्येक मळणी यंत्र टेपने मोजायला मुलांना सांगा. चूट आखूड असेल तर ती लांब करून झाकण बसवणं हाच त्या सत्राचा प्रकल्प ठरवा. पत्रा कापणं, वाकवणं, रिपीट मारणं, वेल्डिंग, सगळं त्यात येतं आणि एका घराचं यंत्र कायमचं सुरक्षित होतं.

कुट्टी मशीनमध्ये रोलर चारा आपणहून आत ओढतात आणि सोडत नाहीत. उलटा फिरवण्याचा लिव्हर चालतो का, हे रोज पहिल्यांदा तपासा. आखूड चारा हाताने पुढे सरकवायचा नाही; लांब चाऱ्यावर ठेवून द्यायचा. फ्लायव्हीलला अडकवायची खीळ असेल तर पाती बदलताना ती लावायचीच.

दुरुस्तीला येणारा फवारणी पंप निरुपद्रवी दिसतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि अनेकांचे जीव गेले, हे आठवलं की तसं वाटणार नाही. पंप शेतावरच तीनदा धुऊन आणला असेल तरच कार्यशाळेत घ्या. रबरी मोजे घाला. तुंबलेली नोझल तोंडाने फुंकायची नाही. पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. हात साबणाने धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. खरं तर डबा कार्यशाळेत आणायचाच नाही.

इजा झालीच तर

भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. हळद, तूप, टूथपेस्ट, शाई काही लावू नका, बर्फही नको. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखमेवर सलग दाब द्या आणि हात वर धरा. बोट तुटलं तर ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ती पिशवी बर्फात ठेवा. बोटाला बर्फ थेट लागू देऊ नका. डोळ्यात लोखंडाचा कण रुतला असेल तर काढायचा प्रयत्न न करता डोळा झाकून दवाखान्यात न्या. आम्ल गेलं असेल तर मात्र तिथेच किमान पंधरा-वीस मिनिटं पाण्याने धूत राहा. विजेला चिकटलेल्या मुलाला हात लावण्याआधी मेन स्विच पाडा.

१०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर आणि जवळच्या रुग्णालयाचा नंबर दारावर लिहून ठेवा. फोन कोण करणार, फाटकाशी कोण थांबणार, हे आधी ठरलेलं असावं. राष्ट्रीय लसीकरणात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात टाळणारी टीडीची लस असते. ती झाली आहे का ते प्रवेशाच्या वेळीच पालकांना विचारा. तेलाच्या आगीवर किंवा विजेच्या बोर्डावर पाणी टाकायचं नाही. वाळूच्या बादल्या आणि एबीसी पावडरचं अग्निशामक दाराजवळ ठेवा, आणि पिन काढून आगीच्या बुडाशी झोत कसा मारायचा ते वर्षातून एकदा प्रत्यक्ष करून दाखवा.

कुणी काय करायचं

निदेशकांसाठी तीन कामं. एक, एका यंत्राशी एक चालवणारा आणि एक मदतनीस. बाकीच्यांसाठी फरशीवर पिवळी पट्टी आखा. दोन, तास संपायच्या दहा मिनिटं आधी काम थांबवा, कारण शेवटची घाई टाळली की निम्मी चिंता जाते. तीन, एक वही ठेवा आणि त्यात ‘थोडक्यात टळलं’ असे प्रसंग मुलांनाच लिहू द्या. नाव नको, शिक्षा नको. चकती फुटली पण लागलं नाही, जॅक सरकला पण खाली कुणी नव्हतं. दर महिन्याला ती वही वाचून एक तरी गोष्ट दुरुस्त करा.

मुख्याध्यापकांनी झाकण नसलेलं यंत्र भेट म्हणूनही स्वीकारू नये आणि निदेशक रजेवर असताना कार्यशाळेला कुलूप ठेवावं. खंडेनवमीला आपण हत्यारांची, यंत्रांची पूजा करतो. तोच दिवस वार्षिक तपासणीसाठी ठरवा: झाकणं, वायरी, अर्थिंग, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी. पूजेचे हार, तोरणं आणि दोरे मात्र यंत्र सुरू करण्याआधी न चुकता उतरवा.

पालकांना एकच विनंती. मुलगी किंवा मुलगा घरी येऊन म्हणाला, ‘पीटीओला कवच नाही, आधी ट्रॅक्टर बंद करा’, तर हसून उडवू नका. आपल्या घरच्या शेतात कुणी निदेशक उभा नसतो, तिथे तो शब्दच कामाला येतो. शाळेने मुलांना सुट्टीत एक गृहपाठ द्यावा: घरातलं एक यंत्र निवडायचं, त्याचं काय उघडं आहे ते लिहायचं आणि झाकण बसवायला काय लागेल त्याचं माप काढून आणायचं. ते झाकण पुढच्या सत्रात कार्यशाळेत बनेल.